एका घरात दोन आगी

शेगडीचं दार नीट लाव, कॅमरन. धूर येतो म्हणून कुरकुर करायची आणि दार अर्धवट सोडायचं, हे कसं चालेल? हां, आता बसा. धुराचीच गोष्ट आहे, आणि मधे कुणी फोन बघायचा नाही.

वॉरिक फेंटनला तुम्ही सगळे ओळखता. बॉथवेल सोडलं की नदीच्या वळणावर पत्र्याच्या छपराचं घर आहे, तोच तो. ही त्याची गोष्ट. थोडी त्यानं सांगितली, थोडी डेस मॉरिसीनं. डेसच्या तोंडून ट्राउट मासा दर वर्षी वीतभर वाढतो, हे मला ठाऊक आहे. पण या गोष्टीत तो स्वतःहून एक शब्द घालत नाही. उलट विषय काढला की उठून जातो.

जुलैतला, ऐन हिवाळ्यातला दुसरा शुक्रवार होता. दिवस मावळला तसा वॉरिक डेसकडे गेला, शिडी आणि ब्रश मागायला. डेसनं जन्मभर धुराडीच साफ केलेली. दारातच त्यानं नाक वर केलं. म्हणाला, "ख्रिसमसच्या धुरी दिलेल्या हॅमसारखा वास मारतोयस लेका. आत ये नाहीतर कुत्रा चाटेल."

वॉरिक हसला नाही. जूनमध्ये त्याची आई, विनी, गेली होती. त्यानं सगळं रीतसर केलं. पाद्रीबाबांना निरोप, चर्चमागची जागा, नंतर हॉलमध्ये चहा आणि सँडविचेस. डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. शेजारणींनी भांडी भरभरून कालवण आणलं ते त्यानं खाल्लं, पण चव कळेना. दाढ काढण्याआधी सुई देतात आणि गाल आपला राहत नाही ना, तसा तो आतून बधिर झाला होता. त्यालाही ते कळत होतं, आणि त्याचंही काही वाटत नव्हतं.

एकाच गोष्टीची तो वाट बघत होता. त्याची मुलगी टॅम्सिन शनिवारी होबार्टहून येणार होती, तान्ह्या बाळाला घेऊन. पणजीनं ते बाळ पाहिलंच नाही, आणि आजोबानं अजून हातात घेतलं नव्हतं. टॅम्सिननं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं की बाळाची छाती नाजूक आहे, घरात धूर असेल तर ती दारातूनच माघारी फिरेल. आणि शेगडी तर आईला पोचवून आले त्या दिवसापासून खोलीत धूर ओकत होती. शेगडी विझवावी, तर बाहेर नळातलं पाणी गोठत होतं.

डेस स्वतःच आला. आधी लाकूड फोडून त्यानं नाकाला लावलं. खणखणीत वाळलेलं, दोन उन्हाळे खाल्लेलं. मग छपरावर चढला. शेगडीच्या पाईपच्या टोपीत पाखरांचं घरटं नव्हतं. ब्रश घातला, तर मूठभर काजळी पडली. पाईप गार असला की धूर वर चढत नाही, म्हणून त्यानं खाली येऊन वर्तमानपत्राचा बोळा पेटवून शेगडीत पाईपच्या तोंडाशी धरला. ज्वाळ वर जायची, ती उलटी वळली आणि त्याच्या भुवया भाजून गेली.

"आता मला खरंच राग आला," डेस म्हणाला.

त्यानं खिडकी बोटभर उघडली. शेगडी भकाभक पेटली. खिडकी लावली, पुन्हा धूर. मग डेसनं वॉरिकला समजावलं. घरात हवा मोजकीच असते. दुसरं काही ती हवा ओढत असेल, तर शेगडी उपाशी राहते आणि धूर खोलीत येतो. त्यानं स्वयंपाकघरातला हवा बाहेर ओढणारा पंखा बघितला, तो बंद. न्हाणीघरातलाही बंद.

"दुसरी चूल पेटलीय का घरात?" त्यानं विचारलं.

वॉरिक म्हणाला, नाही. दुसरी चूलच नाही.

मग डेसनं डासांची कॉइल मागितली. पेटवून ती समोर धरली. धुराची रेघ शेगडीकडे जायला हवी. ती गेली नाही. ती वळली आणि आडवी होऊन खोल्यांमधल्या बोळाकडे निघाली. डेस तिच्या मागे गेला. वॉरिक डेसच्या मागे. बोळाच्या टोकाला विनीच्या खोलीचं बंद दार होतं. धूर दाराखालच्या फटीतून सुळकन आत गेला.

त्या खोलीत पूर्वी उघडी चूल होती, भिंतीतली. पन्नास-साठ वर्षं विनी तिच्यासमोर बसली. गेल्या शरदात, थंडीच्या तोंडावर, वॉरिकनं ती विटांनी बंद केली. वाईट हेतूनं नव्हे. म्हातारी या वयात लाकडं उचलत होती, आणि ती चूल घरातली सगळी ऊब वर ओढून न्यायची. पुढच्या खोलीत नवी शेगडी बसवायची तर जुनी बुजवणं भाग होतं. त्यानं स्वतः विटा रचल्या आणि धुराड्यावर पत्र्याचं टोपण ठोकलं. विनी पलंगावर बसून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "मग मी बघत काय बसू, वॉरी?"

दार उघडं ठेव, पुढची ऊब येईल, असं त्यानं सांगितलं. ऊब बोळाच्या अर्ध्यापर्यंतच यायची. विनी गेली ती लोकरीची टोपी घालून, विटांकडे तोंड करून.

डेसनं दार ढकललं. पलंग, खुर्ची, भिंत. कॉइल पुढे केली. धूर सरळ भिंतीकडे गेला... दोन विटांमधल्या केसाएवढ्या चिरेत शिरला. आणि शिरतच राहिला.

डेसनं विटांवर पंजा ठेवला. लगेच काढला.

तो अंगणात गेला. वॉरिकही गेला. डेसनं बॅटरीचा झोत छपरावर टाकला. टोपण जागच्या जागी होतं. खिळेसुद्धा तसेच. धूर नाही. ठिणगी नाही. वर नुसत्या चांदण्या.

"खिडकी उघडी ठेवून झोप," डेस म्हणाला. हत्यारं न आवरताच तो गाडीत बसला. काच खाली केली.

"एका घरात दोन आगी असल्या, वॉरिक, तर जी जास्त तापलेली असते ती दुसरीला जगू देत नाही. हे मी धुराड्याचं सांगतोय. बाकीचं मला विचारू नकोस."

गाडी गेली. वॉरिक आत आला.

तो पळाला नाही. भ्याला असता तर पळाला असता. पण भीतीसुद्धा त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. तो आईच्या खोलीत गेला. तिच्या खुर्चीत बसला. डेस सोडून गेलेली कॉइल जमिनीवर ठेवली. समोर विटा. त्यानंच रचलेल्या.

मग त्यानं हात लावला.

गरम... नुकतेच पाव काढलेल्या भट्टीसारख्या गरम.

त्या भिंतीपुढे आई महिनोन् महिने कुडकुडत बसली होती.

घरात आवाज नव्हता. धुराची रेघ चिरेत जात होती. जात होती...

"आई," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "तू गारठलीस. मला कळत होतं. मी दार उघडं ठेव म्हणत राहिलो."

काही नाही.

"टॅम्सिन उद्या येतेय. बाळाला घेऊन. पुढे थोडी हवा सोड, आई. बाळाला थंडी वाजेल."

रेघ थांबली.

सरळ झाली. दोऱ्यासारखी उभी राहिली. जराशी थरथरली... आणि सावकाश मागे वळली. त्याच्या गुडघ्यावरून. दाराकडे. बोळाकडे.

पुढच्या खोलीत शेगडीनं भप्पकन पेट घेतला.

तेव्हा तो रडला. विटांना कपाळ टेकून, लहान मुलासारखा, उजाडेपर्यंत. तो सांगतो, कपाळ भाजलं नाही, पण ऊब होती.

शनिवारी टॅम्सिन आली. शिवार सगळं पांढरं झालं होतं. घरात धुराचा वासही नव्हता. वॉरिक बाळाला घ्यायला अंगणात गेला, तर ती बाळाला छातीशी धरून छपराकडेच बघत उभी.

"बाबा, आजीची चूल परत उघडलीस?"

"नाही गं. का?"

तिनं हनुवटीनं दाखवलं. पत्र्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड हिम बसलं होतं. शेगडीच्या पाईपभोवतीसुद्धा कडेकडेला ते होतंच. फक्त मागे, बुजवलेल्या धुराड्याभोवती, खाटेएवढा पत्रा कोरडा ठणठणीत होता.

वॉरिकनं बाळ हातात घेतलं.

टॅम्सिननं विचारलं, "याला कुठे झोपवू?"

"आजीच्या खोलीत," तो म्हणाला. "तिथं ऊब आहे."

त्या विटा त्यानं अजून काढलेल्या नाहीत. परवा मी त्या वळणावरून आलो. घराला कुलूप होतं, तो आठवडाभर मुलीकडे गेलाय. शेगडी विझलेली, पाईपवर हिम चढलेलं, छप्पर सगळं पांढरं.

सगळं नाही. मागे खाटेएवढा पत्रा कोरडा होता.