पठाराखालचं दव

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर वाघजाईचं पठार उभं राहिलं आणि डॉ. फिरोज तांबोळींनी त्यावरच्या दोनशे पवनचक्क्या एकदम सुरू केल्या. शर्वाणी मगदूम बघत होत्या. 'पवनरेखा' कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालक होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. तांबोळींचा अहवाल मात्र त्यांनी बारा वर्षांपूर्वी, प्रकल्प अधिकारी असताना, दाबून ठेवला होता.

"तेव्हाही हेच लिहिलं होतं," तांबोळी म्हणाले. "निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं निवते. तिच्यालगतची हवा गार पडते, वरची उबदार राहते. पाती फिरली की ती वरची हवा खाली ओढली जाते. याला मी निशामिश्रण म्हणतो. जमीन पुरेशी निवत नाही, म्हणून दव पडत नाही."

"आणि खरसवाडीचा शाळू दवावरच पोसायचा," शर्वाणी म्हणाल्या.

पुढचं शर्वाणींना पाठ होतं. पठाराच्या पायथ्याशी असलेल्या खरसवाडीत तीन वर्षांतच ही शाळूची ज्वारी वाळत गेली. गावात कुणी त्यांच्यासमोर पवनचक्क्यांचं नाव काढलं नाही. शर्वाणींनी मग गावाला द्यायलाच घेतलं. उपसा सिंचन योजना झाली, शाळेला खोल्या झाल्या, मुलींसाठी बस आली. पाण्यावर द्राक्षमळे उभे राहिले. कंपनीला पुरस्कार मिळाला, त्यांना बढती. दर भेटीत सरपंच केराबाई मोटे त्यांची ओटी भरायच्या, आणि परतताना गाडीत शर्वाणींना मान वर करवत नसे.

"चक्क्या थांबवल्या तर दव परत येईल?"

"पहिल्याच रात्री. पण आधी गावाशी बोला."

बोलायचं म्हणजे कबूल करायचं. तेवढं त्यांच्यानं झालं नाही. जानेवारीतल्या थंडीच्या लाटेत त्यांनी देखभालीचं कारण दाखवलं आणि सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत सगळ्या चक्क्या थांबवण्याचा आदेश काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केराबाईंचा फोन आला. "मॅडम, जरा येऊन जाता का?"

त्या पोचल्या तेव्हा ऊन चढलं होतं. मळ्यातली पानं उकडल्यासारखी लोंबत होती, घड काळवंडले होते. दव आलं होतं, पण गोठून.

"काल पंखं बंद पडलं हुतं का?" केराबाईंनी विचारलं.

"पडले नव्हते. मी बंद केले. तुमचं दव परत यावं म्हणून." आणि शर्वाणींनी अहवालाचं सगळं सांगून टाकलं.

केराबाई वेलीवरचं एक पान बोटांत चुरत राहिल्या.

"दव पंख्यांनी नेलं, हे आमाला दुसऱ्याच साली कळलं. पठाराच्या पल्याड शाळू उभा, अन् आमचा वाळल्याला. त्यात काय न कळण्यासारखं? पण दव गेलं तसं हिवानं पिकं जळणंबी थांबलं. म्हणून तर तुमच्या पाण्यावर द्राक्षं लावायची हिंमत केली आमी."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तुमी इतकं करत हुता. तोंडावर कसं म्हणायचं? वाटलं, कधीतरी तुमीच बोलाल."

शर्वाणींचा फोन वाजला. नियंत्रण कक्षातून विचारणा होती, आज रात्रीही बंद ठेवायच्या का? त्यांनी केराबाईंकडे पाहिलं.

"आता मला नगा इचारू," केराबाई म्हणाल्या. "माणसं बोलावते. सगळ्यांस्नी इचारा."