दुपारपाळीचं तिसरं कडवं

इचलकरंजीच्या नाट्यगृहात त्या सकाळी दिवे लागलेले होते, खुर्च्या भरलेल्या होत्या, आणि तरी आवाज म्हणून कसलाच नव्हता. पन्नाशी-साठीची माणसं डोळे मिटून बसली होती. प्रत्येकाच्या डोक्यावर करड्या कापडाची मऊ टोपी होती आणि तिचे बंद हनुवटीखाली बांधलेले. यंत्राचं कागदोपत्री नाव 'स्मृतिश्रावक' असं भारदस्त होतं, पण गावाने पहिल्याच दिवशी त्याचं 'टोपडं' करून टाकलं. तान्ह्या बाळांसारखी टोपडी घातलेली ती सगळी मंडळी मनातल्या मनात एकच गाणं आठवत होती.

ते गाणं केतकी मुसळेचं होतं. म्हणजे तिचं आणि तौफिक मोमीनचं. ती पहिल्या रांगेच्या कडेला बसून त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होती. आपण गायलेलं गाणं लोकांच्या कवट्यांतून परत गोळा होताना बघण्याची वेळ कुणावर येईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"एक कच्चा तुकडा झालाय. ऐकता?" डॉ. सुकन्या मगदूम यंत्रापाशी उभी राहून म्हणाली. ती कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतून आली होती. वयाने केतकीच्या मुलीएवढी.

केतकीने हेडफोन कानाला लावला. विहिरीच्या तळाशी कुणीतरी गात असावं तसा आवाज आला. शब्द भुरकट होते, पण चाल ओळखू येत होती. 'दुपारपाळी सुटली गं, सावली पायात मिटली गं.' आवाज तिचाच होता, सत्ताविशीतला. तिच्या अंगावर काटा आला.

"आणि ताल?"

"तोच येत नाहीये," सुकन्या म्हणाली. "गाणं आठवताना मेंदूत जवळपास तीच हालचाल होते, जी ऐकताना होते. टोपडं ती टिपतं आणि उलट गणित मांडून आवाज तयार करतं. एकाची आठवण पुसट असते. शेकडो एकावर एक ठेवल्या की शब्द लागतात, सूर लागतो. पण तुमच्या तालाचे तुकडे इतके बारीक आहेत की त्यांचा नुसता लगदा होतो."

केतकीने समोर पाहिलं. तिसऱ्या रांगेतले एक टक्कल पडलेले गृहस्थ गंभीर चेहऱ्याने बसले होते, पण त्यांच्या चपलेतला अंगठा काही गप्प बसत नव्हता.

"डॉक्टर, खुर्च्या बाजूला करा," ती म्हणाली. "आमचं गाणं बसून कुणी ऐकलंय? यांना नाचू द्या."

आधी सगळे लाजले. मग निपाणीहून आलेल्या शैलजा हेरवाडे नावाच्या निवृत्त शिक्षिकेने पदर खोचला आणि डोळे मिटूनच पाय उचलला. बघता बघता सगळा हॉल हलायला लागला. संगीत नाही, काही नाही. फरशीवर नुसत्या पायांचा आवाज. कुणाचे गुडघे कुरकुरत होते, कुणाला धाप लागत होती, पण ठराविक जागी सगळे एकदम थबकत आणि एकदम सुटत. सुकन्या पडद्याकडे बघत राहिली. मेंदूच्या ज्या भागातून पाय हलतात, तिथे ताल जसाच्या तसा पडून होता. कानांनी सोडून दिलेलं पायांनी जपलं होतं.

*

त्या दोघांची जोडी 'मागपेटी' या नावाने ओळखली जायची. नाव तौफिकने ठेवलं होतं. माग त्याच्या घरचा, पेटी केतकीच्या घरची. तिचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. तौफिक मागांच्या शेडमध्येच रांगायला शिकला. कॉलेजात असताना तो मिरवणुकांसाठी साउंड सिस्टीम जोडून द्यायचा, आणि एका स्नेहसंमेलनात केतकी गात असताना त्याने तिचा माइक मुद्दाम चालू ठेवून स्पीकरवर मागांचा खडखडाट सोडला. ती रागावून खाली उतरली.

"काय रे हे? गाणं मोडलंस की माझं!"

"मोडलं न्हाई, केतके. कापलं," तो शांतपणे म्हणाला. "आता जोडून दाखवतो, ये."

जगभर ज्याला ब्रेकबीट म्हणत, ते त्याने स्वतःच्या पद्धतीने बसवलं होतं. जुन्या रेकॉर्डवरचा ढोलकीचा एखादा मोकळा तुकडा उचलायचा, त्याचे तांदळाएवढे कण करायचे आणि उलटसुलट जोडून धावता ताल बनवायचा. तौफिक त्यात मागाचा ठोका मिसळायचा. आडवं सूत नेणारा धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाताना जो अर्धवट, अडखळता दणका देतो, तो. त्या धावपळीवर केतकी मात्र संथ गायची, जणू तिला कसलीच घाई नाही. गंमत त्यातच होती.

पहिल्या कार्यक्रमाला कसं नाचायचं हेच लोकांना कळेना. एका काकांनी तर लेझमीचे हात केले. पुढे पुणं झालं, बेंगळुरू झालं, बर्लिनमध्ये एका जुन्या गिरणीत मध्यरात्र उलटेपर्यंत लोकांनी त्यांना सोडलं नाही. तिथल्या पोरांना 'पाळी सुटली' म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण 'गं' वर सगळे एकदम ओरडायचे. परतीच्या विमानात तौफिक खिडकीला डोकं टेकून म्हणाला होता, "आपल्या शेडमधला आवाज एवढ्या लांब आला बघ. अब्बांना सांगितलं तर खोटं वाटंल त्यास्नी."

मग हळूहळू तो तिला एकच तक्रार करू लागला. "तू शब्दांतला 'स' गिळायला लागलीस." ती गिळत नव्हती. लहानपणापासूनची शेड आणि नंतरचे हेडफोन, दोघांनी मिळून त्याचे कान वरच्या सुरांपासून खायला सुरुवात केली होती. तो तिचा आवाज अधिकाधिक धारदार करत गेला, ऐकणाऱ्यांचे कान दुखेपर्यंत. शेवटी पुण्याच्या एका कार्यक्रमात ताल एकीकडे आणि ती दुसरीकडे झाली. तौफिकने तिच्याकडे पाहिलं, कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले, आणि तो माणसांना नमस्कार करून आत गेला. मागपेटी तिथे संपली.

कानात बसवायचं यंत्र त्याने करून पाहिलं. नसच निकामी झालेली. बोलणं थोडंफार समजायचं, पण संगीत म्हणजे पत्र्यावर ओतलेली वाळू. त्याने ते काढून टाकलं आणि ओठ वाचायला शिकला. केतकी काही वर्षं एकटी गायली, मग शिकवू लागली. ज्या कंपनीच्या ॲपवर लोक त्यांची गाणी ऐकायचे ती बुडाली आणि तिचा साठा पुसला गेला. घरच्या प्रती तौफिकच्या तळमजल्यावरच्या खोलीत होत्या. त्या पंचगंगेच्या पुरात गेल्या. मागपेटीचं काही उरलं असलंच, तर लोकांच्या डोक्यांत.

*

"मधला भाग जुळत नाही," आठवड्याभराने सुकन्या म्हणाली. "दुसऱ्या कडव्यानंतर प्रत्येकाचं वेगळं आहे. तुमच्या आठवणीचाही उपयोग नाही, केतकीताई. तुम्ही गाणं आठवायला लागलात की यंत्रात नुसता गळा आणि श्वास येतो. तुम्ही ते ऐकत नाही, गाता. मोमीन सर येतील का?"

तौफिक अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होता. केतकी त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. त्याच्याशी बोलायचं तर चेहरा दिसावा लागतो, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"मला कशाला?" तिच्या ओठांवरून सगळं वाचून झाल्यावर तो म्हणाला. "तुम्ही डोक्यातनं काढणार, पेटीतनं वाजवणार. मला काय ऐकू येणाराय त्यातलं?"

"मला येतंय की."

त्याने झारीतलं उरलेलं पाणी मुळाशी ओतलं. "बरं," म्हणाला. "पण हसायचं न्हाई."

टोपडं घातल्यावर तौफिकने डोळे मिटले नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघत तो स्वस्थ बसला. सुकन्याला शेकडो माणसांकडून जे ओढून काढावं लागलं होतं, ते त्याच्या एकट्याकडून स्वच्छ वाहत आलं. आवाज, ताल, मागाचा दणका, त्यामागचा शेडचा घुमारा. केतकी ऐकत होती. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि मग तिचाच तरुण आवाज पुढे गाऊ लागला:

'सुटली पाळी, सुटलं गाव, सूत तुटेना गं.'

असं कडवं नव्हतं. ती असं कधी गायली नव्हती. पण श्वास तिचा होता, 'तुटेना'वरची ती किंचित घसरण तिचीच होती. आणि खालचा ताल तिने पूर्वी कधीच ऐकला नव्हता. इतका मोकळा ताल तौफिकला कान शाबूत असतानाही जमला नव्हता.

तिने हेडफोन काढला आणि त्याच्या समोर बसली. "हे कधी केलंस?"

"करतोच आहे," तो ओशाळून म्हणाला. "झाडांना पाणी घालताना, चालताना. कान गेले म्हणून काम थोडंच थांबतंय? हे एकच न्हाई, लई हायत." मग तिच्याकडे रोखून बघत त्याने विचारलं, "बरोबर आलंय का बाहेर?"

त्याच्या डोक्यात काय होतं ते फक्त त्याला ठाऊक, आणि बाहेर काय आलं ते फक्त तिला. तिने त्याचा तळहात ओढून घेतला, गाणं पुन्हा लावलं आणि बोटांनी त्यावर ताल वाजवू लागली. तौफिक लक्ष देऊन बघत होता. मध्येच त्याने तिची बोटं थांबवली.

"इथं अजून एक. हलका."

सुकन्याने तो ठोका घातला. मग पुढचा. दुपार टळेपर्यंत ती दोघं तशीच बसली होती, पूर्वी शेडच्या पायरीवर बसायची तशी, आणि तो पूर्वीसारखाच चिडत होता. "घाई करू नकोस, केतके! तू कधी घाई करत न्हाईस, म्हणून तर तुझ्याबरोबर काम केलं."

*

काम संपल्यावर सुकन्या केतकीला बाजूला घेऊन म्हणाली, "रविवारी लोकांना गाणं ऐकवायचंय. कुठलं ऐकवू? लोकांच्या आठवणीतलं मूळ गाणं अजून पुरतं लागलेलं नाही, अजून काही बैठका लागतील. सरांचं तयार आहे. पण एक सांगते. टोपडं फक्त वाचतं, कान मात्र लिहितात. नवं ऐकलं की जुनी आठवण त्याच्याखाली दबते. एकदा सगळ्यांनी तिसरं कडवं ऐकलं, की जुनं गाणं त्यांच्याकडून परत मिळेल याची खात्री नाही."

"आणि ऐकवलं नाही तर?"

"तर सरांचं गाणं संग्रहात राहील. अभ्यासकांसाठी."

केतकी खिडकीशी गेली. खाली तौफिक गेटपाशी उभा राहून रखवालदाराशी हातवारे करून काहीतरी बोलत होता आणि हसत होता. इतकी वर्षं या माणसाने तिला आपल्या डोक्यात गायला लावलं, आणि ते ऐकायला कुणी नव्हतं. बर्लिनमध्ये, पुण्यात, बेंगळुरूत वाजलेलं ते जुनं गाणं तिचं सगळं तारुण्य होतं. ते हातचं घालवायचं, म्हणजे काय?

"तिसऱ्या कडव्यासकट लावा," ती म्हणाली.

रविवारी नाट्यगृहात उभं राहायला जागा नव्हती. तौफिक मंचावर लाकडी फळीवर अनवाणी उभा होता, तळव्यांना थरथर कळावी म्हणून. केतकी त्याच्या शेजारी. गाणं सुरू झालं आणि माणसं ओळखीच्या जागी ओरडली, ओळखीच्या जागी थबकली. तिसरं कडवं आलं तेव्हा क्षणभर सगळे गोंधळले. मग पायांनी ताल उचलला आणि हॉल सुटला. तौफिकने खाली नाचणाऱ्या माणसांकडे पाहिलं. ती त्याच्या डोक्यातल्या तालावर, अगदी अचूक, नाचत होती. मंचावरच त्याने तोंड फिरवून डोळे पुसले.

कार्यक्रमानंतर शैलजाबाई घामाघूम होऊन केतकीपाशी आल्या. तिचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "ताई, ते 'सूत तुटेना' आलं आणि मला पुण्याचा तो तुमचा कार्यक्रमच आठवला बघा. तेव्हाही त्याच ओळीला मी रडले होते."

केतकी हसली. सुकन्याने ते ऐकलं होतं. तिचा चेहरा उतरला.

हॉल रिकामा झाल्यावर केतकी मंचाच्या कडेला पाय सोडून बसली आणि मनाशी जुनं 'दुपारपाळी' गुणगुणू लागली. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. पुढे काहीतरी होतं; एक रिकामी जागा होती, की आलाप होता, की नुसता ताल? दर वेळी 'सुटलं गाव' आपोआप ओठांवर येत होतं, जणू ते कायमच तिथे होतं. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

तौफिक चपला घालत होता. तिने त्याच्या खांद्याला हात लावून त्याला आपल्याकडे वळवलं.

"तौफ्या, दुसऱ्या कडव्यानंतर आपण काय करायचो रे? आधी?"

त्याने तिच्या ओठांकडे बघितलं. आपण नीट वाचलं ना, याची खात्री करत तो थोडा थांबला. मग भाबडेपणाने त्याने विचारलं,

"आधी म्हणजे कधी?"