संयोगिताच्या हातातली सहा घामकडी

आषाढ अमावस्येच्या दुपारी संयोगिता जमदाडे तासगावजवळच्या एका रिकाम्या बेदाणा शेडमध्ये बसली होती आणि तिच्या दोन्ही हातांत मिळून सहा घामकडी होती. त्यातलं तिचं एकच, बाकीची पाच दोस्तांची. सकाळपासून सगळे तिला कासारीण म्हणून चिडवत होते.

घामकडं म्हणजे मनगटावरचं रबरी वळं. प्यायलेल्या दारूचा थोडा अंश घामातून बाहेर पडतो, तो ते हुंगायचं. काही सापडलं नाही तर हिरवं, सापडलं की पिवळं आणि लगेच घरी निरोप. अंश फार वाढून श्वास मंदावला तर लाल, आणि मग कुणाला न विचारता रुग्णवाहिकाच बोलवायचं. तालुक्यातल्या अकरावी-बारावीच्या पोरांना ते सक्तीचं झालं आणि आईबाप निर्धास्त झाले. खिळ्याला अडकवून पळायची सोय नव्हती, कारण त्याला अंगाची ऊब आणि नाडी लागे. पण नाडी कुणाची, हे काही त्याला कळत नसे. बनवणारे हुशार खरे, पण सतरा वर्षांची पोरं त्यांनी कधी पाहिलीच नसावीत!

उद्यापासून श्रावण, म्हणजे आज गटारी. गावातली बापमंडळी मळ्यात मटणाचं पातेलं चढवून बसली होती. वर्षभर पोरांना उपदेश करायचा आणि आज स्वतः बसायचं, हा रिवाज जुनाच. पोरांनी तोच उचलला आणि शेडमध्ये आपली धाकटी गटारी मांडली. फोन ठावठिकाणा सांगतात म्हणून सगळ्यांनी ते घरीच ठेवले होते. संयोगिताला दारूचा वाससुद्धा सहन होत नसे, म्हणून कडी तिच्याकडे आली.

शेजारच्या सर्जेराव माळींचा विश्वतेज तिचा पहिलीपासूनचा दोस्त. वर्षभर कडं हिरवं राहिलं तर बारावीनंतर पुण्याला पाठवीन, असा बापाचा शब्द होता. वर्ष पुरं व्हायला अकरा दिवस उरले होते. कडं देताना त्यानं तिला आईची शपथ घ्यायला लावली होती, की काही झालं तरी ते काढून त्याला लावायचं नाही.

आणि मग या शहाण्यानं उपाशीपोटी पिण्याची पैज लावली. तीनच्या सुमाराला तो बेदाण्याच्या जाळीवर आडवा झाला. बाकीचे हसले. संयोगितानं हाक मारली, हलवलं, चिमटासुद्धा काढला. तो हूं की चूं करेना. हात गार पडले होते आणि ओठांवर निळसर झाक आली होती.

"झोपू दे की त्याला," एक जण म्हणाला. "लिंबू पाजू, उतरंल."

कडी वाटताना दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, की उठवून उठत नाही तो झोपलेला नसतो. तेव्हा पोरं खिदळली होती. आता संयोगितानं त्याच्या छातीकडे बघत श्वास मोजले. मिनिटाला सहा.

ती हातातलं त्याचं कडं चाचपू लागली आणि थबकली. त्याचं पुणं जाणार, बाकीच्या चौघांचं बिंग फुटणार. त्यात आईची शपथ. सगळे तिच्याकडे बघत होते. मग विश्वतेजच्या घशातून घरघर आली आणि तिनं कडं ओढून काढून त्याच्या मनगटावर चढवलं.

काही क्षणांत ते पिवळं झालं, मग लाल. त्यातून एक शांत आवाज आला. त्याला कुशीवर वळवा, काही पाजू नका, एकटं सोडू नका, गाडी निघाली आहे. चौघांची नशा तिथंच उतरली. दोघांनी त्याला वळवून धरलं, दोघे रस्त्यावर हात हलवायला पळाले. गाडी येईपर्यंत संयोगिता रडतच त्याचे श्वास मोजत राहिली.

दवाखान्यात आधी विश्वतेजची आई पोचली. सर्जेराव तासाभरानं आले, चालत. तोवर पोरगा शुद्धीवर येऊ लागला होता. संयोगितानं शपथ मोडल्याचं कबूल केलं. ते तिच्याशेजारी बाकावर बसले.

"निरोप मला आला होता, पोरी," ते म्हणाले. "तीनदा वाचला तेव्हा कळला. आणि गाडीची किल्ली काही केल्या लागंना. तू मोडलीस म्हणून तो आहे. तुझ्या आईला काही व्हायचं नाही."

महिन्याभरानं कडी बनवणाऱ्या बाई गावात आल्या आणि काय चुकलं ते त्यांनी पोरांनाच विचारलं. संयोगितानं सांगितलं, की घरी चुगली होते म्हणून आम्ही ते काढतो, मग अडचणीच्या वेळी ते हातात नसतं. आधी शेजारी बसलेल्याला सांगा, पोचणार तोच. बाईंनी ते लिहून घेतलं. नव्या कड्यांत पिवळा इशारा फक्त जवळच्या दोस्तांच्या कड्यांना जातो. लाल झाला तरच रुग्णवाहिका आणि घर. ती कडी पोरं काढत नाहीत.

पुढच्या आषाढ अमावस्येला विश्वतेज पुण्याहून आला होता; कडं लाल होऊनही बापानं त्याला पाठवलं होतं. संयोगिता आपल्या अंगणात गावातल्या पोरांना नवी कडी वाटत बसली होती. मळ्याकडे निघालेले सर्जेराव दारात थांबले, आत आले आणि त्यांनी आपला राठ हात तिच्यापुढे धरला.

"कासारीणबाई," ते म्हणाले, "या मनगटात बसंल असं एखादं आहे का?"