टेबलाच्या पलीकडून

"अहो, थांबा! पाय… पाय मागं घ्या. तुम्ही पंपात उभ्या आहात!"

ती जागच्या जागी थबकली. विसरलेला ड्राफ्टर, रेषा आखायची जोडपट्टी, न्यायला ती रिकाम्या ड्रॉइंग हॉलमध्ये शिरली होती, आणि पंप सोडाच, वाटेत साधं स्टूलसुद्धा नव्हतं. समोर जाडजूड चष्मा चढवलेला एक मुलगा हवेत हात फिरवत उभा होता.

"पंपात?" तिनं खाली बघितलं.

"गुडघ्यापर्यंत."

"मला काही लागलं नाही."

"पंपाला लागलं असेल ना!" तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

त्या चष्म्यातून खरा हॉल तर दिसायचाच, शिवाय हॉलमध्ये नसलेल्या वस्तूही दिसायच्या. मुलांना ड्रॉइंग समजावं म्हणून कॉलेजनं हे चष्मे आणले होते आणि त्यातल्या वस्तू बनवायला याला ठेवलं होतं. सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत.

तिचं घरातलं नाव होतं भोपळा. ड्रॉइंगमध्ये दोनदा दांडी उडाल्यावर दादानं ते मोठ्या प्रेमानं ठेवलं होतं. घरातलं एकही यंत्र तिनं उघडायचं सोडलं नव्हतं, पण कागदावरचा ठोकळा काही केल्या डोक्यात फिरायचा नाही. मागची बाजू म्हटली की नुसता अंधार. आता शेवटची संधी होती. यावेळी गेली तर मेकॅनिकल सोडावं लागणार होतं, आणि ते सोडून दुसरं काही करायची तिची तयारी नव्हती.

"बघायचाय?" त्यानं चष्मा पुढं केला.

तिनं तो चढवला. तिच्या पायांभोवती, फरशीवर, सोनेरी उजेडाचा पंप उभा होता. ती बाजूला झाली, वाकली… आणि पलीकडची बाजू खरंच होती! त्यानं सांगितल्यावर तिनं हात आडवा फिरवला, तशी पंपाची अलगद फाक झाली. आतली पाती, वळणं, भोकं, कागदावर तुटक रेषांनी दाखवायचं ते सगळं लपलेलं, तिच्यासमोर उघडं झालं. इतके दिवस हे सगळं तिथंच होतं! एवढं सुंदर असतं हे? तिचे डोळे भरून आले.

"रडताय का?"

"छे हो! चष्मा जड आहे."

मग रोज कॉलेज सुटल्यावर ती हॉलमध्ये यायला लागली. दोघांच्या डोळ्यांवर चष्मे, मध्ये टेबल, टेबलावर उजेडाचा ठोकळा, अलीकडं ती, पलीकडं तो. ठोकळ्याची पुढची बाजू दाखवणारा बाण कायम तिच्या बाजूनं असायचा. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"माझ्या बाजूनं खाच कुठंय?" तो विचारायचा.

"डावीकडं."

"तुझ्या डावीकडं की माझ्या?"

"तुझं-माझं काय करतोस रे सारखं?"

"ड्रॉइंगमध्ये करावंच लागतं," तो म्हणायचा. "एरवी… नाही केलं तरी चालेल."

ठोकळ्याच्या आरपार त्याचे डोळे दिसायचे. आणि तिची उत्तरं चुकायची ती बरोबर तेव्हाच!

परीक्षेला चष्मा मिळणार नव्हता. म्हणून तो ठोकळा रोज थोडा थोडा फिका करत गेला. शेवटच्या आठवड्यात टेबलावर काहीच नसायचं, आणि तरी दोघं त्या रिकाम्या टेबलावर वाकून न दिसणाऱ्या खाचांवरून तावातावानं भांडायचे.

परीक्षेत तिनं आकृती बघितली आणि डोळे मिटले. टेबल आलं. ठोकळा आला, नितळ, स्वच्छ, आपणहून फिरायला लागला. पेन्सिल धावत सुटली.

सगळं काढून झाल्यावर तिचं लक्ष प्रश्नपत्रिकेतल्या बाणाकडं गेलं. फ्रंट व्ह्यू, म्हणजे पुढून दिसणारी आकृती, साफ उलटा होता. बाण इकडून होता आणि तिनं पाठीमागून काढलं होतं. डावं ते उजवं, लपलेलं ते उघड. रेष न् रेष अचूक… पण त्याच्या बाजूनं! तो उभा राहायचा, तिथून.

आपण कुठं जाऊन उभ्या राहिलो होतो, ते तिला कळलं. भर परीक्षेत ती खुदकन हसली. पर्यवेक्षक बाईंनी डोळे वटारले, तशी तिनं खोडरबर उचलला आणि झपाट्यानं सगळं पुन्हा काढलं. घंटा झाली तेव्हा शेवटची रेष ओढून झाली होती.

तो बाहेर, जिन्यापाशी नखं कुरतडत उभा होता.

"पास होशील?"

"होणार. पहिल्यांदाच मला ते पक्कं माहितीये. पण आधी चुकीचं काढलं होतं."

"म्हणजे?"

"तुझ्या बाजूनं काढलं."

त्याचं नखं कुरतडणं थांबलं. याचा अर्थ त्याच्याइतका कुणाला कळणार? "चष्म्याशिवाय… तू माझ्या जागेवरून बघितलंस? सगळं?"

"सगळं. तिथून ठोकळा धड दिसतच नाही रे! मध्ये सारखी मीच येते."

त्याचे कान लालबुंद झाले. "ठोकळे मीच बनवलेत," तो कसाबसा म्हणाला. "ते काय बघायचे…"

"तू मला आवडतोस," ती म्हणाली.

तो गडबडला. "मला… म्हणजे मलाही…"

"राहू दे," ती हसून म्हणाली आणि तिनं त्याचा हात धरला. "मी तिथून बघून आलेय."