घरात माणसं दोन

या, असे जवळ सरकून बसा. दार लोटून घ्या, वारा येतोय. आज सांगणार आहे ती गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. तीत कुणी कुणाचा गळा दाबत नाही, की उलट्या पावलांचं कुणी येत नाही. एका बाईची आणि तिच्या कार्डाची गोष्ट आहे. आणि आणखी एकीची. खरं तर त्या दुसरीसाठीच सांगायला बसलोय.

ही बाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. लोक तिला चष्मेताई म्हणत. न दिसलेलं अक्षर कुणी अंदाजाने ठोकून दिलं की तिला आवाजावरून कळायचं. "दिसतंय, की दिसावंसं वाटतंय?" असं ती शांतपणे विचारायची आणि भलेभले ओशाळायचे. लग्न केलं नव्हतं, आणि त्याचं रडगाणंही कधी गायलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे काचेच्या दाराची बाल्कनी, पश्चिमेचं ऊन. सुट्या पैशांची कटकट नको म्हणून सगळा व्यवहार कार्डावर. दुधाच्या पिशवीपासून दाताच्या डॉक्टरपर्यंत. मशीनला कार्ड टेकवायचं, टिंग वाजलं की झालं.

एक दिवस कार्डाच्या कंपनीचा मेसेज आला. 'लेकीचे बूट लहान झाले असतील ना? नव्या जोडावर खास सवलत.'

तिला हसू आलं. धाकट्या बहिणीला फोनवर वाचून दाखवला.

"ताई, कुठं गं लपवून ठेवलीस भाची?" धाकटी म्हणाली. "सख्ख्या मावशीला तोंडसुद्धा दाखवलं नाहीस!"

"अगं, दुसऱ्या कुणाचा तरी माझ्याकडे आलाय."

"तुझ्या नावानिशी? मग तुझं कार्ड तुझ्यापेक्षा संसारी निघालं म्हणायचं."

दोघी पोटभर हसल्या. पुढच्या मेसेजमध्ये शाळेचं दप्तर होतं. त्याच्या पुढच्यात लिहिलं होतं, 'दुधाचे दात हलायला लागले का?' तो तिने धाकटीला वाचून दाखवला नाही. सरळ कंपनीला फोन लावला.

पलीकडे एक मध्यमवयीन, अदबशीर आवाज होता. तिने सांगितलं, की माझ्या नावापुढची माहिती चुकीची आहे, दुरुस्त करा.

"बघतो मॅडम. घरात माणसं दोन. आपण, आणि मुलगी. वय साधारण सात."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगत कुणीच नाही, मॅडम. खरेदीवरून कळतं." तो वाचू लागला. "लहान ब्रश."

"तो दाढेपर्यंत नीट पोचतो. मीच वापरते."

"बुटकं स्टूल."

"वरच्या फळीवरचे डबे काढायला."

"रंगखडू. झोपायच्या खोलीतला मिणमिणता दिवा. संत्र्याच्या चवीचं खोकल्याचं औषध."

तिच्याकडे प्रत्येकाचं कारण होतं, आणि एकही खोटं नव्हतं. खडू पार्सलांवर खुणा करायला. दिवा अंधारात ठेच लागू नये म्हणून. कडू औषध तिच्या घशाखाली उतरत नसे. आवाजाने सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर आहे मॅडम. पण आमच्याकडे कारणं येत नाहीत, फक्त वस्तू येतात. आणि बूट आहेत ना, ते दर वर्षी एक नंबर मोठे आहेत."

"ते मी आमच्या दुकानातल्या मावशींच्या मुलीला देते," चष्मेताई म्हणाली आणि जरा जोरातच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मावशी काउंटर पुसत होत्या. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, लेकीला बूट बसले का हो यंदाचे?"

मावशींचा हात थांबला. "कुठले बूट? माझी पोरगी बँकेत लागली, ताई. आता तीच मला चपला घेते." मग तिच्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "दुसऱ्यांचे डोळे तपासता, कधी स्वतःचेही तपासा."

त्या संध्याकाळी चष्मेताईने घरातलं कपाट उघडलं. बूट सापडायला वेळ लागला नाही. खालच्या कप्प्यात, तिच्या शालींच्या मागे, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेले. सगळ्यात लहान जोड तिने हातात घेतला. तळवा झिजला होता, टाचेशी एका बाजूला जास्त. आतल्या अस्तरावर बोटांचे खळगे उमटले होते.

सगळ्यांचे तळवे तसेच. एकाच बाजूला झिजलेले.

ती घाबरली, मंडळी, आणि घाबरलेल्या माणसाने जे करावं तेच तिने केलं. कार्ड कात्रीने कापलं, कंपनीला कळवून बंद करून टाकलं. बूट, स्टूल, खडू, दिवा सगळं गाठोड्यात बांधून भंगारवाल्याला दिलं. आता ती रोख पैसे देऊन एका माणसापुरतं आणू लागली. दूध लहान पिशवीतलं. पाव अर्धा. रोज रिकामं भांडं बघून ती स्वतःला बजावायची, बघ, संपलं, एकटीचंच होतं.

घर शांत झालं. आता गंमत अशी, की आधीही ते शांतच होतं. निदान तिला तसं वाटायचं. पण आता ती चहा गाळताना मध्येच थांबे, आणि आपण कसली वाट बघतोय हे तिला उमगत नसे.

धाकटी म्हणाली, "माझ्याकडे ये राहायला. एकटीने भिंती बघत बसू नकोस." तिने बॅगही भरली. सुटीच्या दिवशी दुपारी निघायचं ठरलं.

बॅग दाराशी ठेवली आणि फोन वाजला.

"मॅडम, मी त्या दिवशीचा," अदबशीर आवाज आला. आज त्यात अदब कमी होती, काळजी जास्त. "हा फोन कंपनीचा नाही, माझा आहे. कळलं तर नोकरी जाईल माझी. पण मलाही लेक आहे, म्हणून राहवलं नाही. कार्ड बंद केलंत, तुमची मर्जी. तिचं दूध कुठून घेता हल्ली?"

"घरात मूल नाही, सांगितलंय तुम्हाला."

"मग मी मूर्ख ठरलो तर बरंच. पण ताई," तो मॅडम म्हणायचं विसरला, "घरं बघण्यात माझं आयुष्य गेलं. मूल वाढतं तशी खरेदी वाढते. आजारी पडतं तेही दिसतं. कार्ड बंद करायच्या आधी तुम्ही खोकल्याचं औषध लागोपाठ आणत होतात."

"माझाच घसा बसला होता," तिने सवयीने सांगितलं.

सांगितलं आणि तिच्या लक्षात आलं. तिचा घसा बसला नव्हता.

फोन कानाशी तसाच होता. पश्चिमेचं ऊन बाल्कनीच्या दारावर तिरपं पडलं होतं आणि काच सगळं दाखवत होती. दिवसभर काचा पुसणारी बाई ती. कुठला डाग जुना, कुठला ताजा, हे तिला एका नजरेत कळे.

बोटांचे ठसे होते. लहान लहान.

तिच्या कमरेच्या उंचीवरचे सुकून धुरकट झालेले. त्यांच्याखाली, गुडघ्याच्या उंचीवर, जरा अलीकडचे.

ताजे सगळे अगदी खाली होते, जमिनीलगत. उभं राहण्याचं बळ गेलेल्या पोरीच्या हाताचे.

"ताई? आहात ना?"

"तिला काय आवडतं?" चष्मेताईने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मला काहीच माहीत नाही हो. तुम्हाला माहीत आहे. सांगा लवकर."

तो सांगत गेला. दूध मलईचं. पाव मऊ, कडा काढलेला. केळी, पण फार पिकलेली नकोत. एकदा आणून परत कधी न आणलेलं काय, तेही सांगितलं. ती जिना उतरत होती, ऐकत होती आणि डोळे पुसत होती.

परत आल्यावर तिने दूध कोमट केलं. वाटी काचेच्या दाराशी जमिनीवर ठेवली, शेजारी पाव कुस्करून ठेवला. मग लाजऱ्या पोरापुढे करतात तशी पाठ फिरवून बसली.

काही ऐकू आलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने वळून पाहिलं. दुधावर साय धरली होती. वाटी भरलेलीच.

पण काचेवर, आतल्या बाजूने, जमिनीलगत एक वाफेचा ठिपका होता. नाण्याएवढा. तिच्या डोळ्यांदेखत तो आक्रसत गेला, विरला.

ती श्वास रोखून बसली.

खूप वेळाने, तिथेच, पुन्हा उमटला.

चष्मेताई धाकटीकडे गेली नाही. नवीन कार्ड काढलं. आता ती घेते त्याची कारणं कुणाला सांगत नाही. वर्षातून एकदा बुटांच्या दुकानात उभी राहून त्या माणसाला फोन करते आणि विचारते, कोणता नंबर घेऊ? तो तिच्या खरेदीची यादी बघतो.

"मागच्याच नंबरचे घ्या, ताई," तो म्हणतो. दर वर्षी हेच म्हणतो.

एवढीच गोष्ट. तुम्ही देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घ्याल, घ्यायलाच हवीत. शेवटी तिचीही आठवण काढा. नाव कुणी ठेवलेलं नाही, म्हणून नुसतं 'ती' म्हणा. ज्याला कळायचं त्याला कळतं.