दुसऱ्या आवाजाचा माइक

या, अशा जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनो, तुम्हीसुद्धा सरका पुढं. आजची गोष्ट भिंतीला टेकून राहिलेल्या एकीचीच आहे. देव कोणाला गळा देतो, कोणाला हात देतो, आणि एखादीला नुसते कान देऊन मागं उभी करतो. तिच्या वाट्याचं प्रेम तिला कसं सापडलं, ते ऐका. लहानशीच गोष्ट आहे, पण गोड आहे.

टायरच्या एका दुकानाखाली पूर्वी तळघर होतं. ओल धरलेल्या भिंती, कण्हत फिरणारा पंखा, आणि तिथं रॉक संगीताचा क्लब. तो चालवणाऱ्या बाईंना सगळे आत्या म्हणत. क्लब बंद पडून पंधराएक वर्षं उलटली. तिथं आता गाड्या उभ्या राहतात. पण ज्यांचं तारुण्य त्या तळघरात गेलं, त्यांनी यंदा मनावर घेतलं. एकदा सगळ्यांनी जमायचंच. शाळेचा हॉल मिळाला, सुट्टीची दुपार ठरली, आणि आत्यांनी पहिला फोन लावला तो क्लबचे माइक-स्पीकर सांभाळणाऱ्या साउंडवालीला.

"तू येतेयस."

"आत्या, मला जरा —"

"जरा काय? आई अंथरुणाला खिळली होती तोवर आईचं कारण होतं. आता ती माउली सुटली बिचारी. आता कोणाच्या औषधाची वेळ सांगणार आहेस मला?"

हेडफोन पिशवीत टाकून ती आली.

तिचं काम म्हणाल तर लिफ्टमधल्या सूचना. काचेच्या एका खोलीत बसून 'दरवाजा बंद होत आहे' असं माइकमध्ये म्हणायचं, आणि संध्याकाळी घरी जाऊन आपला दरवाजा आपणच बंद करायचा. हजारो माणसं तिचा आवाज ऐकत, पण उलट उत्तर कोण देणार? लिफ्टशी कोणी बोलतं का?

दुपारी हॉलमध्ये ती गुडघे टेकून स्टेजजवळ वायरींवर चिकटपट्टी लावत होती. तेवढ्यात एक बूट येऊन नेमका वायरीवर पडला.

"पाय," ती मान वर न करता म्हणाली.

"धरणार आहेस की तोडणार आहेस?"

आवाज ऐकला आणि तिच्या हातातली पट्टी बोटांनाच चिकटून बसली… जाड तारांची गिटार वाजवणारा, मुख्य गायकाच्या मागं दुसरा आवाज लावणारा. खालच्या सुरामुळे क्लबात त्याला सगळे खर्ज म्हणत.

तिनं वर पाहिलं. कानशिलं पांढरी झालेली, शर्टाची बटणं पोटाशी भांडत होती. डोळे मात्र तेच.

"बरी आहेस?"

"बरी. तू?"

"बरा."

झालं! पुढं दोघंही पाठांतर विसरलेल्या पोरांसारखी एकमेकांच्या चपला-बूट बघत उभी. तेवढ्यात मुख्य गायक आला. हा आता दातांचा डॉक्टर आहे. त्यानं खर्जाला मिठी मारली आणि ओढत स्टेजवर नेलं.

हसू नका त्यांना. त्या दोघांना समोरासमोर कधी बोलताच आलं नव्हतं. त्यांचं सगळं बोलणं व्हायचं ते वायरीतून. कसं, ते सांगतो. ती तळघराच्या मागच्या भिंतीशी, सगळ्यांचे आवाज कमीजास्त करायचा मिक्सर घेऊन उभी असे. दोन गाण्यांच्या मध्ये ती खर्जाचा माइक लोकांसाठी बंद करी. मग तो जे पुटपुटे ते एकट्या तिच्या हेडफोनमध्ये येई. आणि मिक्सरवरचं एक बटण दाबून ती बोलली, की तिचा आवाज निघे तो फक्त त्याच्या पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून. भरल्या गर्दीत दोघांचं असं चाले, आणि शेजारच्या ढोलवाल्यालाही पत्ता नसे.

क्लबच्या शेवटच्या दिवशी त्यानं त्याच माइकमधून विचारलं होतं, "मी दुसऱ्या शहरात चाललोय. माझ्याबरोबर… येशील?"

तिनं ते नीट ऐकलं होतं. अंगठा बटणावर होता. आणि घरी आई होती, कूस बदलायलाही जिला लेक लागे. 'थांब' म्हणावं तर किती दिवस, आणि 'नाही' म्हणायला जीभ वळेना. बटण दाबलंच गेलं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, मग त्यानं मान खाली घातली आणि पुढचं गाणं सुरू झालं.

आताही दोन गाणी झाली. हॉल नुसता उसळत होता. जुने काळे टी-शर्ट घट्ट झाले होते, टकलं घामानं चमकत होती, आणि आत्या पुढच्या खुर्चीत काठी आपटून ठेका धरत होत्या. मागच्या भिंतीशी ती एकटी होती. गर्दीत माणूस जेवढा एकटा असतो, तेवढा घरीसुद्धा नसतो.

खर्ज माइकजवळ झुकला. तिचा हात आपोआप गेला, आणि लोकांसाठी त्याचा माइक बंद झाला.

"आहेस का गं तिकडं?"

तिनं बटण दाबलं. "आहे."

"रोज भेटतेस तू मला."

"कुठं?"

"लिफ्टमध्ये. आमच्या बिल्डिंगला कितीतरी वर्षं तुझाच आवाज आहे. पहिल्या दिवशी ऐकला आणि माझा मजला निघून गेला की! शेजारी म्हणतात, पोट सुटलंय, जिन्यानं जात जा. मी कसा जाऊ जिन्यानं? तुला 'हो गं' म्हणायचं राहून जाईल!"

ती हसली. कोणीतरी उत्तर देत होतं तर… इतकी वर्षं!

"वेडा आहेस. बायको काही म्हणत नाही?"

"असती तर म्हणाली असती. घरी एक कुंडी आहे. तीही बोलत नाही. तू?"

"आई गेली. आता घर… फार मोठं वाटतं."

तो माइकच्या आणखी जवळ आला. मग अगदी हळू म्हणाला, "तेव्हा विचारलं होतं, तेच परत विचारू? येशील?"

तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांनी आरोळी ठोकली, ढोल धडाडले आणि क्लबचं सगळ्यांत लाडकं गाणं सुरू झालं. आणि इथं आपल्या साउंडवालीच्या हातून चूक झाली. जन्मात केली नव्हती अशी. त्याचा माइक उघडायचा ती साफ विसरली!

धृपद आलं. मुख्य आवाज एकटाच वर गेला, खाली आधार नाही. पण लोकांना ती ओळ पाठ होती. आधी आत्यांनी धरली, कापऱ्या आवाजात. मग खुर्च्याखुर्च्यांतून ती उठली, आणि अख्खा हॉल दुसरा आवाज गाऊ लागला. खर्ज स्वतः गात होता तो मात्र एकीच्याच कानात. तिला चूक कळली. हात मिक्सरवर त्याच्या माइकच्या खटक्याकडे धावला. त्यानं लांबूनच मान हलवली — राहू दे.

गाणं संपलं. टाळ्यांच्या पावसात तो तिच्याकडे बघत होता. तिचा अंगठा बटणावर होता, आणि तिनं बटण दाबलं नाही.

त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड विझत गेला. त्यानं मान खाली घातली, अगदी तेव्हासारखी.

तेव्हा तिनं हेडफोन काढून ठेवला, मिक्सर सोडला आणि ती चालू लागली. गर्दीतून वाट काढत, खुर्च्यांना अडखळत, सरळ स्टेजकडे. मिक्सर पोरका झाला. कुठल्यातरी माइकनं कर्कश शिट्टी धरली, ती वाढतच गेली. लोकांनी कानांवर हात ठेवले.

"अगं, ते बंद कर आधी!" आत्या ओरडल्या. "कान फुटले!"

तिनं वळूनही पाहिलं नाही. कोणीतरी धावत जाऊन खटका पाडला, आणि एकाएकी हॉल एवढा शांत झाला की खर्जानं स्टेजवरून खाली मारलेली उडी सगळ्यांना ऐकू आली.

दोघं समोरासमोर उभी. मधे वायर नाही, स्पीकर नाही.

"बटण…" तो म्हणाला.

"बटणातून नव्हतं सांगायचं." तिनं मान वर केली. "येते मी. तुझ्याबरोबर… येते."

 त्यानं तिचे दोन्ही हात धरले. ओले होते ते, आणि गार.

"मोठ्यानं बोला रे!" आत्या काठी आपटत म्हणाल्या. "मागच्यांना ऐकू आलं नाही!"

गोष्ट इथं संपली. देव त्यांचं भलं करो. आता माझं एवढंच मागणं आहे. पुढं कधी भरल्या सभेत बसाल, गाणं रंगेल, टाळ्या वाजवाल, तेव्हा एकदा मान वळवून मागच्या भिंतीकडे बघा. तिथं जी कोणी एकटी उभी असेल, सगळ्यांचं ऐकत आणि स्वतः गप्प, तिची आठवण असू द्या.