निळ्या साडीतलं गेट

मिक्सर म्हटलं की आमच्या परदेशीपुऱ्यातल्या बायांना अजून चटणीचाच आठवतो. माझा व्हिडिओचा. दोन चित्रं एकातून दुसऱ्यात सरकवायची, कधी एकावर एक बसवायची, हे माझं काम. केबलवाल्याच्या एका खोलीत आमचा स्टुडिओ. चौऱ्याण्णवची चौदा एप्रिल होती, दुपारी बाराला जयंतीचा लाइव्ह प्रोग्राम.

त्यातली दोन मिनिटं मी आईसाठी मागून घेतली होती. मिलला कुलूप लागलं त्या सकाळी बाबा डबा घेऊन निघाले, ते परतलेच नाहीत. तीन वर्षं झाली. आदल्या संध्याकाळी मी त्यांना म्हणालो होतो, "आता काय, बसून खा फुकट." आईनं ते ऐकलं होतं. ती त्यावर कधी बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

"मागं गेट दाखव," आई म्हणाली. "घर सुटलं त्यांचं. गेट नाही सुटायचं."

म्हणून सकाळीच जाऊन मिलच्या बंद गेटचं शूटिंग आणलं, त्यातली एक फ्रेम मिक्सरमध्ये थिजवली आणि आईच्या खुर्चीमागं निळा कपडा टांगला. मशीनला निळा रंग दिसला की ते तिथं भोक पाडतं आणि त्यातून दुसरं चित्र दाखवतं. मी बटण दाबलं तसा कॅमेऱ्यामागून समीर ओरडला, "अरे भिया, आईजींचं तर मुंडकंच लटकतंय!"

आई निळी साडी नेसून आली होती. जयंतीला आमच्यात दुसरं काय नेसणार? जन्म याच घरात गेला आणि मला तेवढं सुचू नये!

"बदल ना गं."

"ही त्यांनी आणलेली आहे. हीच राहील."

एक मिनिट उरलं होतं. मी रंगाचा नॉब पिळत बसलो आणि तेव्हा लक्षात आलं. आजूबाजूला भिंत, खांब, सगळं सकाळसारखंच होतं. साडीच्या जागी मात्र गेट उघडं होतं.

थिजवलेली फ्रेम सुटून टेप पुढं चालू झाली असेल म्हणून बघितलं. टेप मशीनमध्ये नव्हतीच, टेबलावर होती.

"चालू, भिया," समीर म्हणाला.

"अहो," आई बोलायला लागली, "तीन वर्षं झाली. आपला बुद्धरत्न रागावलेला नाही. घरी या."

उघड्या गेटातून कुणीतरी चालत येत होतं. हातात डबा. केसांत कापसाची रुई, कामावरून यायचे तेव्हा असायची तशी.

बाबाच.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग आईच्या खांद्यावर हात ठेवला.

मी घाबरलो. सरळ सांगतो, माझेच आईबाप होते आणि मी घाबरलो. बटण बंद केलं.

मॉनिटरवर आई, निळी साडी, निळा कपडा. बाकी कुणी नाही.

आई खांदा चाचपत होती. तिच्या चिमटीत रुई आली.

"थोडं थांबायचं होतंस रे," ती म्हणाली. "येतच होते ना."

फोन वाजला. बाबांना भाऊ म्हणणाऱ्या शेजारच्या सखुबाई होत्या. "नथूभाऊ आले काय रे? टीव्हीवर आत्ता..." मी फोन ठेवून दिला.

तेव्हापासून रोज बाराला आई तीच साडी नेसून त्या खुर्चीत येऊन बसते. मी तीच फ्रेम लावतो, तेच बटण दाबतो. साडीत आता गेट बंद असतं. फक्त दोन दारांच्या फटीत, आतून दार धरून ठेवलेली बाबांची बोटं दिसतात.

पहिल्या दिवशी चार होती. आज मी मोजली. तीन आहेत. आईला अजून सांगितलेलं नाही.